खर्रा चारून पहारेकरी फुटतो का?

मागच्या अंकात शेवटी थोडी जागा उरली होती म्हणून एक ओळ टाकली, की टेबलावर फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांतून जे व्हिडिओ गेम निघाले त्याबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तं विचारा. मला वाटलं दोन पत्रं येतील, एक माह्या भाच्याचं अन् एक चुकून. पण व्हॉट्सॲपवर आले, पोस्टकार्डावर आले, एकानं तं कापसाच्या काट्याच्या पावतीमागं लिहून फोटो पाठवला. सगळे घेता येत नाही, जे घेतले ते थोडे छाटून घेतले, राग मानू नका.

भाऊ, नागपूरले मामेभावाच्या कॉम्प्युटरवर बाल्डर्स गेट ३ खेळलो. बाण मारला, वर लिहून आलं ९५ टक्के, अन् हुकला. पुन्हा मारला, पुन्हा हुकला. कंपनीनं सेटिंग करून ठेवलं हाय का हे?
— ब्रह्मपुरी तालुक्यातला एक चिडलेला

सेटिंग नाही गड्या, फासा आहे. ह्या गेमच्या पोटात डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या टेबलावरच्या खेळाची पाचवी आवृत्ती आहे अन् तिचा सगळा कारभार वीस बाजूंच्या फाशावर चालते. ९५ टक्के म्हणजे १ सोडून काहीही पडलं तरी बाण लागते. पण १ पडतेच ना कधीतरी, वीसात एकदा. असे वीस बाण मारले तं त्यात एकतरी हुकण्याची शक्यता ६४ टक्के निघते, हिशेब करून पाह्य. लागोपाठ दोन हुकणं म्हणजे ४०० मध्ये एकदा, ते खरंच वाईट नशीब, पण तू दिवसभरात किती बाण मारले ते पत्रात लिहिलं नाहीस, फक्त हुकलेले लिहिले. आपले लोक ज्या वर्षी धूळपेरणी फसते तेच वर्ष आयुष्यभर सांगतात, जमलेली धूळपेरणी कोणी सांगत नाही, तसंच.

सेटिंगमध्ये कार्मिक डाइस म्हणून एक बटण असते अन् ते आधीपासून चालूच असते. ते लागोपाठची पडझड थोडी आवरते, म्हणजे कंपनीनं उलट तुह्या बाजूनं हात घातलेला आहे. मी ते बंद करून खेळतो, पण माहं डोकं वेगळं आहे. तुला उपयोगाची गोष्ट सांगतो, उंचावरून बाण मार, ह्या गेममध्ये उंचीचे २ जास्त भेटतात. अन् लपून मारला तं ॲडव्हांटेज भेटते, म्हणजे दोन फासे टाकायचे अन् मोठा घ्यायचा. जिथं ११ किंवा जास्त पाहिजे तिथं साध्या फाशानं ५० टक्के असते, दोन फाशांनी ७५ होते. अर्धी लढाई तिथंच जिंकली.

एक चिडायचं खरं कारण मी देतो तुला. पुस्तकातल्या नियमात १ पडला की हमखास हुकलं हे फक्त मारामारीसाठी आहे. बोलण्यात, कुलूप उघडण्यात तुह्या अंगचे आकडे मजबूत असले तं १ पडूनही काम होऊ शकते. हा गेम बनवणाऱ्या बेल्जियमच्या लॅरियन कंपनीनं मात्र तिथंही १ म्हणजे फेल अन् २० म्हणजे पास करून टाकलं. पडद्यावर मजा येते त्याची, पण हे त्यांच्या घरचं आहे, पुस्तकातलं नाही.

नमस्कार. मुलगा बारावीला आहे. मोबाईलवर फासे फिरवत बसते. विचारलं तर म्हणते आई हा जुगार नाही रोल-प्लेइंग आहे. आमच्या घरी फाशाचं नाव निघालं की सासूबाई द्रौपदीपासून सुरू करतात. हे आहे तरी काय नेमकं?
— एक आई, आरमोरीकडच्या

काकू, पहिले तुमच्या कामाचं सांगतो. जुगारात पैसा लागते अन् फासा पैशाचा फैसला करते. इथं फासा एवढंच ठरवते की पोराच्या पात्रानं जे करून पाह्यलं ते जमलं का नाही. पण मोबाईलवर काही गेम असे असतात की पेटी विकत घ्या, आत काय निघंल ते नशीब, त्यात खरा पैसा जाते. मी तं त्याला जुगारच म्हणतो. तेव्हा त्याच्या फासे फिरवण्याकडं नका पाहू, यूपीआयच्या हिस्टरीकडं पाहा.

आता हे काय आहे ते. तुम्ही आरमोरीच्या म्हणजे झाडीपट्टीचं नाटक तुम्हाला मी काय सांगू. दिवाळी झाली की वडशाच्या कंपन्या निघतात, शंकरपटाला गाव जमते, रातभर नाटक. आता असं समजा की नाटक आहे पण कोणाजवळ लिहिलेली संहिता नाही. डायरेक्टर स्टेजवर न येता बाजूला बसून फक्त सांगते, तुम्ही चौघं जंगलात आहा, अंधार पडला, समोर पडका वाडा आहे, काय करता? चौघं आपापल्या पात्राच्या तोंडून सांगतात. एक म्हणते मी भिंतीवरून चढतो. जमते का नाही? तिथं फासा. बस, एवढाच खेळ.

ह्यातला पहिला, डंजन्स अँड ड्रॅगन्स, सुरू झाला १९७४ मध्ये, अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून. गॅरी गायगॅक्स अन् डेव्ह आर्नेसन हे दोघं. त्याआधी लोक खेळण्यातल्या शिपायांच्या पलटणी मांडून लढाया खेळत, ह्यांनी पलटण सोडून एकच माणूस हातात दिला, त्याला नाव दिलं, ताकद दिली, अन् तो मेला तं वाईट वाटायला लागलं. खरी गंमत त्याच वाईट वाटण्यात आहे.

अन् कॉम्प्युटरवर तो यायला फार वेळ नाही लागला. १९७५ मध्येच इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो नावाच्या यंत्रणेवर, जी खास शिकवण्यासाठी बनवली होती, पोरांनी तळघरात राक्षस मारायचे गेम लिहून ठेवले. त्यातल्या एकाचं नाव पेडिट५, असं रुक्ष नाव की धड्याची फाईल वाटावी. वरचे लोक सापडला की पुसून टाकत, अन् तो पुन्हा कुठूनतरी उगवे. तेव्हा पुस्तकात मोबाईल लपवणारं तुमचं पोट्टं काही पहिलं नाही. बारावीचं वर्ष आहे ते मात्र खरं, रविवारी दोन तास ठरवून द्या, अन् बाजूला बसून एकदा पाहाच. सासूबाईंनाही बसवा, त्यांना भीष्म अन् शकुनी दोन्ही भेटतील.

दादा, वर्ध्याला होस्टेलवर राहते, लॅपटॉप नाही, फोनवर जुनं बाल्डर्स गेट घेतलं. साखळ्यांचं चिलखत घातलं तर आर्मर क्लास १० होता तो ५ झाला! पैसे वाया गेले का माझे?
— बीएस्सीवाली

वाया नाही गेले ताई, उलट सोनं झालं. हा गेम १९९८ चा, बायोवेअरचा, अन् त्यात डंजन्स अँड ड्रॅगन्सची तेव्हाची जुनी दुसरी आवृत्ती आहे, त्यात आर्मर क्लास, म्हणजे तुला वार लागणं किती अवघड त्याचा आकडा, जितका कमी तितका चांगला. वर्गातल्या नंबरासारखं समज, दहावा येण्यापेक्षा पाचवा आला बरा. शून्याच्या खालीही जाते तो, तेव्हा तं अजूनच भारी.

आता तुला एक शब्द दिसत असेल, थॅको, म्हणजे आर्मर क्लास शून्यवाल्याला मारायला फासा किती पडला पाहिजे तो आकडा. त्यानं भल्याभल्यांना रडवलं. सरळ आहे पण, मारणाऱ्याच्या थॅकोमधून समोरच्याचा आर्मर क्लास वजा कर, जे उरंल तेवढा किंवा वरचा फासा पडला पाहिजे. समोरच्या लुटारूचा थॅको २० असला तं आधी तुला लागायला त्याला १० पाहिजे होता, म्हणजे ५५ टक्के. चिलखतानंतर १५ पाहिजे, म्हणजे ३० टक्के. एका चिलखतात त्याचे लागणारे जवळपास अर्धे वार फुकट घालवले तू. असं उलटं का ठेवलं तं पुस्तकात तसं होतं म्हणून. टेबलावर माणूस तक्ता उघडून पाह्यचा, कॉम्प्युटरला तक्ता तोंडपाठ, पण खेळणाऱ्याला समजावून सांगायचं राहूनच गेलं. २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा हे सरळ केलं, जास्त म्हणजे चांगलं, म्हणून २००२ चं नेव्हरविंटर नाइट्स खेळशील तं हा गोंधळ नाही, तेही फोनवर भेटते. नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक नावाचा २००३ चा स्टार वॉर्सवाला गेमही फोनवर आहे, लेझर तलवारी दिसतात, पण आतमध्ये तोच वीस बाजूंचा फासा फिरून राह्यला असते. वाचायची आवड असंल तं प्लेनस्केप टॉर्मेंट घे, १९९९ चा, त्यात नायक मरतच नाही, मेला की पुन्हा उठून बसते अन् आपण कोण होतो ते शोधत फिरते. इंग्रजी मात्र ढीगभर आहे, मी डिक्शनरी घेऊन खेळलो, सांगायला लाज नाही.

व्हिडिओ गेममध्ये सगळं इतकं मस्त दिसून राह्यलं, मंग कागद-पेन घेऊन डोकं लावत कोण बसंल? म्हाताऱ्या लोकाइचा खेळ वाटते मले तं.
— सिंदेवाहीवरून, नाव नको

म्हाताऱ्या लोकाइचा! बरं. एक रात्र सांगतो.

मागच्या हंगामात धानाचे पुंजणे रचून झाले होते अन् रानडुकरांसाठी राखणीला जावं लागे. दोन भाचे अन् त्यांचे दोन मित्र सोबत आले, थंडी मरणाची, शेकोटी केली. मोबाईलची रेंज तिकडं नाहीच. मग मी जुन्या लग्नपत्रिकेचे तुकडे कापले, १ ते २० आकडे टाकले, पेढ्याच्या डब्यात भरले अन् म्हटलं चला. गोष्ट साधीच रचली, किल्ल्यात कोणीतरी कैद आहे, दारावर पहारेकरी आहे. माह्या डोक्यात तीन वाटा होत्या, लढा, भिंत चढा, नाहीतं चावी चोरा. लहाना भाचा म्हणते, "मामा, मी त्याला खर्रा मागतो."

मी म्हटलं मागतो? देतो म्हण. तं म्हणे, "नाही, देला तं त्याले संशय येईन. मागतला का वळख होते."

आता आपल्याकडं राह्यलेल्या माणसाला हे कळंल, अनोळखी माणसाजवळ बसायचं असलं तं खर्राच मागतात (खाऊ नका, तोंड उघडत नाही मग, पण मागतात हे खरं). मी म्हटलं ठीक, १३ पाहिजे. डबा हलवला, १२ निघाला. एकानं हुकलं. आता नुसतं नाही म्हणून टाकलं असतं तं गोष्ट तिथंच मेली असती, म्हणून पहारेकरी म्हणाला, खर्रा तं सरला बावा, पण बस, कोणत्या गावचा तू? पोरगं घाबरलं अन् जे तोंडात आलं ते गावाचं नाव ठोकून दिलं. पहारेकरी म्हणे, अरे, थे तं माही सासुरवाडी! कोणाच्या घरचा तू?

चाळीस मिनिटं, शपथेवर सांगतो, चाळीस मिनिटं ते चौघं त्या पहारेकऱ्याच्या सासऱ्याची खोटी खोटी खबर सांगत बसले. म्हैस व्याली, साळीचं लग्न जमलं, सासऱ्यानं जावयाला बोलावलं आहे. शेवटी तो पहारेकरी दार उघडं टाकून सासुरवाडीला निघून गेला. किल्ल्याचा जो नकाशा मी दुपारभर बसून काढला होता तो शेकोटीच्या कामी आला.

आता हे कोणत्या व्हिडिओ गेममध्ये बसंल ते सांग. बाल्डर्स गेट ३ मध्येही पहारेकऱ्यासमोर समजावणं, खोटं बोलणं, दम देणं असे पर्याय येतात, त्याच्यापुढं फासा पडते, आवाज येतात, चेहरे हलतात, सुंदर आहे, मी नाही म्हणत नाही. पण खर्रा मागायचा पर्याय बेल्जियममध्ये बसून कोणी लिहिलेला नाही. नियम कॉम्प्युटरमध्ये जातात, तक्ते जातात, फासा तं माणसापेक्षा इमानदारीनं टाकते तो. राहून जाते तो डब्याजवळ बसलेला माणूस, जो ऐन वेळी म्हणू शकते, बरं, तसं तं तसं.

ह्या माणसाची जागा कशी भरायची, ह्याचंच डोकं सगळे लावून राह्यले आहेत ४०-५० वर्षांपासून. १९८८ मध्ये एसएसआय नावाच्या कंपनीनं पूल ऑफ रेडियन्स हा गेम काढला, तेव्हा फ्लॉपीत जागा नाही, म्हणून गोष्टीचे उतारे छापील पुस्तिकेत टाकून दिले, गेम म्हणे आता अमुक नंबरचा उतारा वाच. अन् पुढचे उतारे आधीच वाचणाऱ्यांसाठी त्यात मुद्दाम खोटे उतारेही घुसडले, हे मला लय आवडते, हे डब्याजवळच्या माणसाचंच डोकं आहे. नेव्हरविंटर नाइट्सवाल्यांनी तं सरळ त्या माणसाला खुर्चीच देली, एक जण गेम मास्टर म्हणून आत शिरते, राक्षसाच्या तोंडून बोलते, ऐन वेळी नवं संकट उभं करते, वर स्वतःचे नकाशे बनवायचं साधन डब्यातच दिलेलं. बाल्डर्स गेट ३ मध्ये एका निवेदिकेचा आवाज आहे, तुमच्या मनात काय चाललं ते सांगत राहते, तो गेम मास्टरचाच आवाज आहे. छान बोलते बाई, पण ऐकत नाही.

माह्या मते सगळ्यात हुशारीनं काम केलं ते व्हॅम्पायर द मास्करेड ब्लडलाइन्सनं. हा १९९१ च्या कागदावरच्या खेळावरून निघाला. त्या पुस्तकात मोठा नियम असा की आपण रक्तपिपासू आहो हे माणसांना कळू द्यायचं नाही. अन् नॉस्फेराटू नावाचं कुळ निवडलं तं तुमचं थोबाडच इतकं भयंकर की रस्त्यानं चालला तरी नियम मोडते, मग अख्खा गेम गटारातून अन् अंधारातून फिरा. टेबलावर हे एक वाक्य असते, मास्टर आठवण करून देते. गेममध्ये तुम्हाला खरंच गटारात उतरावं लागते. तिथं कागद हरला, मान्य करतो. बिचारा गेम आला १६ नोव्हेंबर २००४ ला, त्याच दिवशी हाफ-लाइफ २ आला अन् हा झाकला गेला, बनवणारी ट्रॉयका कंपनी पुढच्या वर्षी बंद पडली. लोक अजून खेळून राह्यले आहेत.

तेव्हा सिंदेवाहीवाले भाऊ, दिसण्याचंच म्हणशील तं सिनेमा आल्यावर झाडीपट्टीही बंद पडायला पाहिजे होती.

सायबरपंक २०७७ अन् फॉलआउट हे पण कागदावरूनच आले का?
— दारव्हा

सायबरपंक हो. माइक पाँडस्मिथ नावाच्या माणसानं १९८८ मध्ये कागदावर आणला, गेम २०२० चा. कागदावर अंगात एकेक यंत्र बसवलं की माणुसकीचा आकडा उतरत जाते अन् शेवटी माणूस पिसाळते, गेममधल्या तुमच्या नायकाला ते मीटरच लावलं नाही, हात बदला, डोळे बदला, खुशाल फिरा. मला तं ते खटकलं, कारण मूळ खेळाचा डंखच तो होता.

फॉलआउट अर्धा. १९९७ चा तो गेम गर्प्स नावाच्या कागदावरच्या नियमांवर उभा करून राह्यले होते, मधातच परवान्याचं फिस्कटलं, मग घाईघाईनं स्वतःचे सात गुण बनवले, ताकद, नजर, दम, छाप, अक्कल, चपळाई अन् नशीब. सोयरीक मोडली अन् त्याच मांडवात दुसरं लग्न लागलं, अन् तेच टिकलं.

अमरावतीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. मेळघाटच्या जंगलातला गेम बनवायचा विचार आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सचे नियम वापरले तर केस होते का भाऊ?

वकील नाही मी, पण एवढं नक्की सांगतो. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम एसआरडी ५.१ नावाच्या फाईलमध्ये आहेत. त्या आधी २००० पासून एक खुला परवाना होता, तो डंजन्स अँड ड्रॅगन्सवाली कंपनी बदलायला निघाली, खेळणारे लोक असे खवळले की जानेवारी २०२३ मध्ये कंपनीला ती अख्खी फाईल क्रिएटिव्ह कॉमन्सवर सोडून द्यावी लागली. म्हणजे त्यांचं नाव सांगून श्रेय द्यायचं, मग विकायचा गेम बनवला तरी चालते. पण फाईलमध्ये आहे तेवढंच. त्यांची शहरं, त्यांच्या कथांतले लोक तुझे नाहीत. सोलास्टा नावाचा २०२१ चा गेम पाह्य, नियम एसआरडीतले, जग पूर्ण स्वतःचं, अन् नियम इतके काटेकोर पाळले की अंधारात मशाल कोणी धरायची ह्यावरून पार्टीत भांडण होते.

मेळघाट तुझाच आहे, त्याला कोणाचा परवाना लागत नाही. फक्त थ्रीडी वाघ बनवायला बसू नको आधीच. मित्र घे, कागदावर तीनचार रात्री खेळून पाह्य, जिथं सगळे मोबाईल काढतात तो भाग फेकून दे. मग कोड.

रोजचा दीड जीबी डाटा. बाल्डर्स गेट ३ दीडशे जीबी. काही उपाय?
— दर्यापूर

शंभर दिवस. तूर निघंल तोवर. अन् त्याला एसएसडी लागते, चांगलं ग्राफिक कार्ड लागते, तेव्हा आधी घरचा लॅपटॉप पाह्य. साधा असंल तं शॅडोरन ड्रॅगनफॉल घे, २०१४ चा, तोही १९८९ च्या कागदावरच्या खेळातून आला, बर्लिन शहर, जादू अन् कॉम्प्युटर चोर एकाच गल्लीत. डाटा कितीतरी कमी लागते अन् गोष्ट त्या दीडशे जीबीवाल्याला कमी नाही.

वीस बाजूंचा फासा भेटते कुठं?
— मूल

ऑनलाइन भेटते. नाही मागवायचा तं माह्यासारख्या चिठ्ठ्या कर, पण प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी डब्यात परत टाकायची, नाहीतं हिशेब बिघडते. अन् मधातमधात चिठ्ठ्या मोजत जा. आमची २० नंबरची दोन आठवडे गायब होती, मी म्हणो कोणालाच कसं विसाचं दान पडून राह्यलं नाही. धुण्याच्या दिवशी लहान्या भाच्याच्या पँटीच्या खिशात निघाली. "अडीअडचणीले ठेवली होती मामा," म्हणे.